अलंकार कोणाच्या घरचे?

अलंकार हा शब्द आमच्या शेतकरी-कारागिरांच्या घरांत दोन वाटांनीं येतो. एक वाट सोनाराच्या दुकानावरून येते, दुसरी मुलाच्या दप्तरांतून. पहिल्या वाटेनें येणाऱ्या अलंकाराची पारख आमच्या बायकांना इतकी पक्की असते, कीं सोनारानें कसोटीवर रेघ ओढण्याच्या आधींच त्या त्यांतलें तांबें सांगून मोकळ्या होतात. दुसऱ्या वाटेनें येणारा अलंकार दिसला, कीं तीच बाई पदर सांवरून मागें सरते आणि म्हणते, "तें आम्हांला नाहीं बा कळत; तें शिकलेल्या माणसांचें काम." हें मागें सरणें आम्हांस आतां पाहवत नाहीं, म्हणून आज हा विषय घेतला आहे. व्याकरणाचा विषय म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये. यांत जमिनीचाही प्रश्न आहे, तो पुढें येईल.

घणसोलीला लागून तळवली म्हणून जुनें आगरी गांव आहे. भोंवतीं नव्या मुंबईच्या इमारती उभ्या राहिल्या, भातखाचरें बुजलीं, खाडी दूर ढकलली गेली. पण हळदीच्या रात्रीं मांडव पडला कीं तें पुन्हां गांव होतें. अशाच एका मांडवांत आम्ही बसलों होतों. धवलारीण आजी धवला म्हणत होती. राबांतलें रोप उपटून दुसऱ्याच्या शेतांत लावतात, मुळाला चिकटलेली माती धुवून टाकतात, आणि मग त्या रोपानें तेथेंच फुटवे धरावे अशी सगळ्यांची इच्छा असते, एवढाच तिच्या गाण्याचा मतलब. नवरीचें नांव त्यांत एकदांही आलें नाहीं. पण नवरीची आई उठून पाठीमागच्या पडवींत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाहीं.

मांडवाच्या कडेला एक दहावींतला पोरगा वही घेऊन घोकत बसला होता. दुसऱ्या दिवशीं शाळेंत चाचणी होती. वहींत लिहिलें होतें: उपमेय, उपमान, साधर्म्य, आणि खालीं, "उपमेयाचा उल्लेख न करितां केवळ उपमानाच्या वर्णनानें..." आम्हीं त्याला विचारलें, "बाळा, आजी आतां जें म्हणाली त्यांत कोणता अलंकार आहे?" पोरगा हंसला. म्हणाला, "त्यांत कुठला अलंकार? तीं आजीचीं गाणीं."

वाचकहो, ज्या व्याख्येवर त्याचें बोट होतें तिचेंच उदाहरण त्याची आजी चार हातांवर बसून गात होती, आणि त्याला तें ऐकूं आलें नाहीं. त्याच्या कानांत दोष नव्हता. अलंकार म्हणजे पुस्तकांतल्या मोठ्या माणसांनीं केलेली वस्तु, आपल्या घरांत ती असणार नाहीं, असें त्याच्या मनावर पहिलीपासून ठसविलें गेलें होतें. हंसणें त्याचें होतें, पण हंसायला त्याला दुसऱ्या कोणीं शिकविलें होतें.

आतां हीं भारदस्त नांवें एकदां उघडून पाहूं. त्यासाठीं काव्यग्रंथ नको, एक सुका बोंबील पुरे.

पोरगा आजारांतून उठला. शेजारीण म्हणाली, "वाळून बोंबलासारखा झाला गो." ही उपमा. ज्याची गोष्ट चालली आहे तो पोरगा हें उपमेय, ज्याच्याशीं ताडून पाहिलें तो बोंबील हें उपमान, आणि 'सारखा' हा दोघांना बांधणारा सुंभ. दुसरी म्हणाली, "जणूं दोरीवर वाळत घातलेला बोंबीलच." ही उत्प्रेक्षा, 'जणूं' म्हणजे कल्पनेनें एक पाऊल पुढें टाकलें. तिसरी म्हणाली, "पोर कसलं, सुका बोंबील आहे तो!" सुंभ तुटला, दोघे एक झाले, हें रूपक. चौथी म्हणाली, "हा तुझा पोर नव्हेच, हा बोंबील!" पोराला साफ नाकारलें, ही अपन्हुती. पांचवी डोळे बारीक करून म्हणते, "दारांत उभा आहे तो पोर, कीं बोंबील?" हा ससंदेह. मांजर खरोखरच बोंबील समजून त्याच्या मागें लागलें असें कोणीं सांगितलें, तर तो भ्रांतिमान. सहावीची जीभ सगळ्यांत तिखट. ती म्हणते, "बोंबलाला तरी मधें कांटा असतो, ह्याला तोही नाहीं." येथें उपमानावरही ताण झाली, हा व्यतिरेक. आणि शेंवटीं पोराची आई चिडून म्हणते, "माझा पोर माझ्या पोरासारखा, तुम्ही आपापल्या घरीं जा!" हा अनन्वय. एका बोंबलावर आठ अलंकार झाले, आणि त्या ओट्यावरच्या एकाही बाईनें अलंकारशास्त्राचें पान उघडलेलें नव्हतें.

बाकीच्यांचा हिशेब झटपट करूं. सासू उशिरां उठलेल्या सुनेला म्हणते, "किती लवकर उठलीस गो, कोंबडासुद्धां तुझ्यापुढें हरला," तेव्हां ती व्याजस्तुती करीत असते. 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीला पंडितांनीं अन्योक्ति असें नांव दिलें आहे. म्हण अधिक चांगली आहे, कारण ती व्याख्याही आहे आणि उदाहरणही. मासळीच्या पाटीपुढें बसलेली बाई पापलेटाचें जें वर्णन करते ती अतिशयोक्ति. नवऱ्याचें नांव घेतांना उखाण्याच्या शेंवटीं जुळवितात तें यमक. भरतीच्या वेळीं खाडी खवळली, उन्हानें मीठ लवकर धरलें, पाऊस रुसला, असें आम्ही बोलतों ती चेतनगुणोक्ति. ज्याला खाडी रोज भेटते त्याला ती जिवंतच दिसते, त्याला हा अलंकार शिकवावा लागत नाहीं.

याच्याहून खोल पाणी म्हणजे शब्दशक्ति. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. सरळ अर्थ बसत नाहीं म्हणून जवळचा दुसरा घ्यावा लागतो ती लक्षणा. 'सगळी तळवली मोर्च्याला गेली' असें आम्ही म्हणतों. घरें-विहिरी चालत गेल्या नाहींत, माणसें गेलीं, पण एकही माणूस घरीं राहिला नाहीं हें सांगायला गांवालाच पाय दिले. संस्कृत ग्रंथकार शेंकडों वर्षें लक्षणेचें एकच ठराविक उदाहरण देत आले आहेत: गंगेवर गवळ्यांचा वाडा आहे. पाण्यावर वाडा कसा असेल, म्हणून गंगेच्या कांठीं असा अर्थ घ्यावयाचा. गंमत अशी, कीं उदाहरणाला त्यांना गवळीवाडाच आठवला. आणि त्या वाड्यांतल्या गवळ्याला मात्र शास्त्र शिकण्याचा अधिकार नव्हता.

तिसरी शक्ति व्यंजना. बोलायचें एक, पोंचवायचें दुसरें. काश्मीरच्या आनंदवर्धनानें नवव्या शतकांत ध्वन्यालोक हा ग्रंथ लिहिला आणि काव्याचा प्राण हा न बोललेला अर्थच होय असें मांडलें. मोठा ग्रंथ, त्याचें मोठेपण आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यानें अगदीं आरंभीं जें उदाहरण दिलें तें कोठलें आहे? तें आमच्या गोदावरीकांठचें आहे आणि संस्कृतांत नाहीं, महाराष्ट्री प्राकृतांत आहे. सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेल्या गाथासप्तशतींत, म्हणजे सातशें गाथांच्या संग्रहांत, तें सांपडतें. गोष्ट अशी: गोदावरीच्या कांठच्या झाडींत एक सोंवळा गृहस्थ फुलें तोडायला येतो. तेथें एका बाईची कोणाशीं तरी भेटायची जागा असते. आधींच एका कुत्र्याला भ्यालेल्या त्या गृहस्थाला ती बाई मोठ्या आदरानें सांगते, कीं महाराज, आतां खुशाल फिरा, त्या कुत्र्याला झाडींत राहणाऱ्या सिंहानें मारून टाकलें. तोंडानें 'या' म्हटलें आणि अर्थानें 'पुन्हां फिरकूं नका' म्हटलें. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका नको असलेल्या पाहुण्याला आजही याच रीतीनें वाटेला लावतात. त्या एका गांवकरी बाईच्या धीटपणावर काश्मीरच्या पंडितांनीं सिद्धान्ताचें देऊळ उभारलें, आणि मग त्या देवळाच्या पायरीवर पाटी लावली कीं अडाण्यांनीं आंत येऊं नये.

असाच प्रकार ओवीचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतल्या मानसोल्लास ग्रंथांत, महाराष्ट्रांतल्या बायका कांडतांना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. म्हणजे ज्ञानदेवांच्या आधीं दीडशें वर्षें आमच्या बायका मुसळाच्या घावावर ओवी गात होत्या. संस्कृत सोडून मराठी आणि श्लोक सोडून ओवी घेणाऱ्या ज्ञानदेवांना आम्ही हात जोडतों. त्यांनीं उसनें कोठून घेतलें तें त्यांना ठाऊक होतें. पुढच्यांना तें विसरावेंसें वाटलें. शाळेच्या पुस्तकांत ओवीचे चरण किती, यमक कोठें, हें सगळें असतें. मुसळ आणि उखळ मात्र नसतें.

भरताच्या नाट्यशास्त्रांत अलंकार फक्त चार आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. मम्मटाच्या काव्यप्रकाशांत अकराव्या शतकापर्यंत अर्थालंकारच साठाच्या वर गेले. अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदांत शंभर ओलांडले. पिकापेक्षां पट्टीचे रकाने वाढावे तशी ही वाढ! जुन्या पंडित कवींत तर नुसत्या कारागिरीची चढाओढ लागली. बारामतीच्या मोरोपंतांनीं ओंठ न मिटतां म्हणावें असें, म्हणजे प, फ, ब, भ, म हीं अक्षरें टाळून, एक निरोष्ठ रामायण रचलें. श्रम अफाट, यांत संशय नाहीं. पण त्याच महाराष्ट्रांत सांवता माळ्यानें आपल्या मळ्यांतली भाजी, नरहरि सोनारानें आपलीं हत्यारें, सेना न्हाव्यानें आपला आरसा, जनाबाईनें आपलें दळण-कांडण घेऊन रूपकें केलीं. ओंठ मिटले कीं नाहीं याची पंचाईत त्यांना नव्हती, आणि आज पंढरीच्या वाटेवर कोणाचें म्हणतात तें वारीला जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, कीं सहज बोललें गेलेलें आणि जाणून रचलेलें यांत भेद आहे. तुमची आजी अलंकार वापरते, पण तिला तो ठाऊक नसतो. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. याचें उत्तर परदेशांतल्या एका विद्वानानें देऊन ठेवलें आहे. होमरचीं महाकाव्यें निरक्षर गायकाच्या परंपरेंतून आलीं असावींत असा मिल्मन पॅरी या अमेरिकन पंडिताचा तर्क होता. तो पडताळण्यासाठीं तो युगोस्लाव्हियांतल्या खेड्यांत गेला. तेथें १९३५ सालीं आव्दो मेजेदोविच या निरक्षर खाटकानें एका लग्नाचें गाणें त्याला सांगितलें. तें बारा हजार ओळींच्या वर भरलें. ठराविक विशेषणें, ठराविक वळणें, जागच्या जागीं बदललेले तपशील, सगळें त्यानें जाणून केलें होतें. फक्त त्या जाणण्याला त्याच्याजवळ पुस्तकी नांव नव्हतें. सुतार तासणी किती कोनांत धरतो हें त्याला आंकड्यांत सांगतां येत नाहीं, म्हणून तो न समजतां तासतो असें कोणी म्हणेल काय? धवलारणीला राबाचें रोप कोठें आणायचें आणि नवरीचें नांव कोठें टाळायचें हें पक्कें ठाऊक होतें. नांव घेतलें असतें तर तिची आई पडवींत गेली नसती.

आमच्याकडे तरी काय निराळें आहे? खानदेशांतल्या असोद्याच्या लेकीला, बहिणाबाई चौधरींना, अक्षरओळख नव्हती. त्या १९५१ सालीं वारल्या, गाणीं १९५२ सालीं छापलीं गेलीं, आणि २०१८ पासून जळगांवच्या विद्यापीठालाच त्यांचें नांव आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनीं सहकाऱ्यांसह गांवोगांव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तेव्हां पुरावा कमी आहे असें नाहीं.

चुका काढून मुद्दा बुडविण्याची युक्ति जुनीच आहे. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं तृतीय रत्न नाटक लिहिलें, १८६९ सालीं शिवाजीराजाचा पोवाडा केला, १८७३ सालीं गुलामगिरी छापली. निबंधमालेंत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं त्यांचा समाचार घेतला तो कशाचा? व्याकरणाचा, शब्दांच्या रूपांचा. शेतकरी नागवला जातो हें खरें कीं खोटें, याचें उत्तर बाजूलाच राहिलें. ज्याच्या घराला आग लागली आहे तो ओरडतांना ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाहीं, आणि जो ऱ्हस्व-दीर्घच ऐकतो त्याला आग विझवायची नसते. १८८५ सालीं मराठी ग्रंथकारांच्या सभेचें आमंत्रण आलें तेव्हां जोतीरावांनीं जाण्याचें नाकारलें, आणि त्या मंडळींच्या पुस्तकांचा व आमच्या दुःखाचा मेळ बसत नाहीं अशा अर्थाचें खरमरीत उत्तर पाठविलें. आपल्या पद्यालाही त्यांनीं उसनें नांव घेतलें नाहीं. वळण तुकोबांच्या अभंगाचें, पण नांव दिलें 'अखंड'. नांव ठेवण्याचा हक्क ही बारशाची बाब आहे, आणि बारसें ज्याच्या घरीं पोर जन्मलें त्यानें करायचें असतें, एवढें त्यांना उमगलें होतें.

आतां पुन्हां तळवलीच्या मांडवांत येऊं, कारण खरी ठिणगी तेथेंच आहे.

मराठीच्या उच्च परीक्षेला बसणाऱ्या मुलांना एक प्रश्न हमखास येतो: महदंबेचे धवळे. तेराव्या शतकांत ऋद्धिपूर येथें, श्रीगोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला तेव्हां, महदंबा या महानुभाव बाईनें लग्नांत गायचे धवळे रचले. मराठींतली आद्य कवयित्री म्हणून तिचा मान आहे, आणि तो योग्यच आहे. मुलें टिपणें पाठ करतात: धवळे म्हणजे वरविषयक मंगलगीत, प्राचीन वाङ्मयप्रकार. आणि त्याच वेळीं आगऱ्यांच्या मांडवांत धवलारीण धवले म्हणत असते! वारल्यांत तिला धवलेरी म्हणतात. ती नुसती गात नाहीं. तिच्या गाण्याच्या क्रमानेंच लग्नाचे विधि चालतात, देवक, हळद, मांडव, सगळें तिच्या तोंडून पुढें सरकतें. सातशें वर्षांहून जुना वाङ्मयप्रकार आमच्या आज्यांनीं लिहिल्यावांचून जिवंत ठेवला. पुस्तकवाल्यांनीं तो 'प्राचीन' म्हणून पुरला, आणि आम्हीं 'गांवढळ' म्हणून टाकायला काढला.

धवळे आणि धवले. भेद एका अक्षराचा. आगरी तोंडांत ळ चा ल होतो. काळें तें कालें होतें, तळवलीची तलवली होते. ळ असला तर वाङ्मय, ल आला तर अडाणीपणा. एका अक्षराच्या कुंपणानें आमची आजी वाङ्मयाच्या शेताबाहेर राहिली आहे. शाळेंत पोरानें 'कालं' म्हटलें कीं वर्ग हंसतो, म्हणून पोरगा घरीं येऊन आजीला हंसतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठीं जे पुरावे मांडले गेले त्यांत गाथासप्तशती होती. खेड्यांतल्या बायाबापड्यांची प्राकृत बोली दिल्लीच्या कचेरींत साक्षीला उपयोगी पडली. त्यांच्या नातवंडांची बोली मात्र अजून वर्गांत अशुद्ध ठरते. साक्षीदाराला कोर्टांत खुर्ची आणि घरीं लाथ, असा हा न्याय आहे.

यांत आमचा आमच्या लोकांवरही रोष आहे. दोन मजले चढले, दारांत गाडी आली, कीं धवलारीण नको वाटते. हळदीला कानठळ्या बसविणारा डीजे येतो, त्यावर हजारोंनीं पैसे जातात. म्हातारीला एक लुगडें देतांना मात्र हात आखडतो. धवलारणी कमी होत चालल्या आहेत आणि नव्या मुली शिकायला बसत नाहींत. हें पाप पंडितांच्या माथीं मारतां येणार नाहीं.

कोणी विचारील, अलंकार कळले नाहींत तर आमचें काय अडलें? भात पिकायचें थांबलें काय? बाबांनो, तुमचें भात थांबलें आहे, आणि कशानें थांबलें तें जरा आठवा. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली. ठाणें, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहराला लागणार असें ठरलें. १८९४ च्या कायद्याखालीं नोटिसा आल्या, आधीं कलम चार, मग कलम सहा. त्या नोटिसांत आंकडे होते, सर्व्हे नंबर होते, आणि अलंकारही होते. ते ओळखणारा माणूस गांवांत किती घरीं होता?

'भूसंपादन' हा शब्द घ्या. यश संपादन करतात, विद्या संपादन करतात. म्हणजे आपल्या श्रमानें मिळवितात. दुसऱ्याचें शेत घेण्याला तोच शब्द लावला, कीं घेणाराच कष्टाळू दिसतो. कडू गोळीला गूळ लावण्याचा हा प्रकार आहे. 'सार्वजनिक प्रयोजन' म्हटलें. त्या सर्वजनांत शेताचा मालक येतो कीं नाहीं, हें शब्दानें सांगितलें नाहीं. 'विकसित भूखंड' म्हटलें. म्हणजे चार पिढ्यांना पोसणारें खाचर अविकसित होतें हें न बोलतां बोललें, आणि न बोलतां बोलणें म्हणजे व्यंजना हें वर सांगितलेंच आहे. सगळ्यांत लबाड शब्द 'प्रकल्पग्रस्त'. ग्रस्त म्हणजे गिळलेला. रोगग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त, ह्या पंगतींत आम्हांला बसविलें. जसा कांहीं प्रकल्प आभाळांतून पडला! भूकंपाला कर्ता नसतो, प्रकल्पाला असतो. पण शब्दानें कर्ता गिळला. 'जमीन गेली' असें आमचे लोकही बोलूं लागले. जमीन कोठें जाते? तिला पाय असतात काय? घेणाऱ्याचें नांव वाक्यांतून निघालें, कीं भांडायचें कोणाशीं हेंच कळेनासें होतें. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखालीं शेतकरी उठले, जासई-नवघरच्या बाजूला पोलिसांच्या गोळ्यांनीं पांच शेतकरी मारले गेले. बोलतांना सगळे म्हणतात, "गोळीबार झाला." पाऊस झाला, लग्न झालें, तसा गोळीबार झाला! त्या लढ्यांतून पुढें साडेबारा टक्क्यांची योजना पदरांत पडली. जी जमीन लाजेनें शंभर दिली होती तिच्यांतला साडेबाराचा तुकडा 'लाभ' म्हणून परत मिळाला, आणि तो घेणाऱ्यांना 'लाभार्थी' म्हणतात. व्याजस्तुति ती हीच.

आणि 'बळीराजा'! जोतीरावांनीं बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभा केला, दिवाळींत ओंवाळतांना आमच्या बायका त्याचेंच राज्य मागतात. आतां निवडणूक आली कीं प्रत्येक व्यासपीठावरून शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात. बळी म्हणजे राजा, आणि बळी म्हणजे ज्याची मान कापायची तो बोकड. एका शब्दाचे दोन अर्थ असले कीं त्याला श्लेष म्हणतात. बोलणाऱ्याच्या मनांत कोणता अर्थ आहे हें ओळखण्याची विद्या आमच्या पोरांना आली पाहिजे, आणि ती विद्या त्या चाचणीच्या वहींतच आहे. म्हणून वही फेंकून द्या असें आम्ही सांगत नाहीं. वही पक्की करा. पण तींत उदाहरण घालतांना पोरानें आपल्या ओट्यावरचें घालावें. मास्तरांनीं तें चुकीचें ठरविलें तर आईबापांनीं शाळेंत जाऊन शांतपणें विचारावें, कीं व्याख्येंतली कोणती अट येथें पुरी झाली नाहीं. बहुतेक मास्तर भले असतात. त्यांनाही कोणीं हें सांगितलेलें नसतें.

त्या रात्रीं आम्हीं पोराला राबाच्या रोपाचा धवला आजीकडून पुन्हां म्हणवून दिला आणि व्याख्या शेजारीं ठेवायला सांगितलें. त्यानें दोनदां वाचली, मग आजीकडे पाहिलें, आणि वहींत उदाहरणाच्या जागीं तो धवला लिहूं लागला. लिहितांना दर ओळीला तो ल चा ळ करीत होता. आजीनें विचारलें, "काय लिवतंस?" तेव्हां त्यानें तें खोडलें.

ज्या वाचकांच्या घरीं किंवा गांवांत धवलारीण असेल, त्यांनीं तिचे धवले तिच्या तोंडून ऐकून जसेच्या तसे आमच्याकडे पाठवावे. गाणाऱ्या बाईचें नांव तिची संमति असेल तरच घालावें, गांव मात्र अवश्य घालावें. कोणत्या विधीच्या वेळीं कोणता धवला म्हणतात हेंही कळवावें. कागदाच्या एकाच बाजूला लिहावें, आणि ल चा ळ करूं नये.